जुन्या पेटंट औषधाची जाहिरात कशी वाचावी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतील नियतकालिके चाळणाऱ्याला, ती लंडनची असोत, बोस्टनची असोत वा मुंबई-पुण्याची असोत, औषधांच्या जाहिरातींपासून सुटका नसते. खोकला, क्षय, अजीर्ण, संधिवात, बायकांचे विकार आणि लहान मुलांची रडारड या सर्वांवर एकच बाटली अक्सीर असल्याचे तेथे ठामपणे लिहिलेले असते, आणि खाली त्या बाटलीने बरे झालेल्यांची नावगावांसह पत्रे असतात. आजचा वाचक अशा जाहिरातीला बहुधा हसून सोडून देतो. काही जण उलट तीत हरवलेले ज्ञान शोधू लागतात. या दोन्ही वाटांनी जाहिरातीतली खरी माहिती हाती लागत नाही. पुढे दिलेली रीत जुन्या जाहिराती, लेबले, पत्रके आणि रिकाम्या बाटल्या यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या कोणालाही वापरता येईल. उदाहरणे मुख्यतः इंग्लंड आणि अमेरिका येथील घेतली आहेत, कारण हा धंदा तेथे वाढला आणि त्याची रासायनिक तपासणी व न्यायालयीन चौकशीही तेथेच सर्वांत आधी आणि सविस्तर झाली.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. ‘या औषधाने मला गुण आला’ असे सांगणारा रोगी बहुधा खोटे बोलत नसे. म्हणून जाहिरात खरी की खोटी असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. गुण कशाने आला आणि नेमका कशाला आला, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पुढच्या सर्व पायऱ्या याच दोन प्रश्नांकडे नेणाऱ्या आहेत.

आधी देश आणि काळ ठरवा

जाहिरातीवर तारीख असेल तर प्रश्नच नाही, पण सुटे पत्रक किंवा बाटली हाती आली तर किंमत पाहावी. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांकशुल्क होते. एक शिलिंगाच्या (म्हणजे बारा पेन्सच्या) औषधावर दीड पेनी, अडीच शिलिंगाच्या औषधावर तीन पेन्स आणि चार शिलिंगाच्या औषधावर सहा पेन्स असा कर पडे, आणि तो धरूनच किंमत छापली जाई. त्यामुळे १ शिलिंग १½ पेनी, २ शिलिंग ९ पेन्स आणि ४ शिलिंग ६ पेन्स या विचित्र वाटणाऱ्या किमती एकत्र दिसल्या, की ते औषध इंग्लंडच्या मुद्रांकाच्या अमलातले आहे असे समजावे. पहिल्या महायुद्धात हे शुल्क दुप्पट झाले आणि तीच शिलिंगाची डबी १ शिलिंग ३ पेन्सला मिळू लागली. १९४१ मध्ये शुल्कच रद्द झाले. मुद्रांकाची चिठ्ठी बाटलीच्या बुचावर चिकटवलेली असे. सरकारच्या दृष्टीने ती कर भरल्याची पावती होती, पण गिऱ्हाईक तिच्याकडे सरकारी मान्यतेचा शिक्का म्हणून पाही, आणि अनेक उत्पादक त्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव छापून घेऊन ‘हा मुद्रांक पाहूनच माल घ्यावा’ अशी सूचना जाहिरातीत देत.

अमेरिकेतही यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १८६२ ते १८८३ या काळात असे मुद्रांक होते. त्याहून उपयोगी खूण मात्र १९०६ च्या कायद्याने दिली आहे. ३० जून १९०६ रोजी संमत झालेला शुद्ध अन्न व औषध कायदा १ जानेवारी १९०७ पासून लागू झाला आणि अल्कोहोल, अफू, मॉर्फीन, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म, गांजा इत्यादी ठरावीक द्रव्यांचे प्रमाण लेबलावर लिहिणे सक्तीचे झाले. तेव्हा अमेरिकी लेबलावर अल्कोहोलची टक्केवारी दिसली तर ते लेबल साधारणपणे १९०७ नंतरचे मानावे. त्याच लेबलावर ‘३० जून १९०६ च्या कायद्यान्वये हमी’ असे शब्द आणि एक अनुक्रमांक असेल, तर ती हमी उत्पादकाने स्वतःच दिलेली होती. सरकारने औषध तपासून मंजूर केले असा तिचा अर्थ नव्हता. मुद्रांकाच्या चिठ्ठीचा जो उपयोग इंग्लंडमध्ये झाला, तोच या वाक्याचा अमेरिकेत झाला.

काचेवरचे शब्दही पाहावेत. रोचेस्टरच्या वॉर्नर कंपनीचे ‘सेफ क्युअर’ पुढे ‘सेफ रेमेडी’ झाले, कारण रोग हमखास बरा करण्याची भाषा कायद्याने अडचणीची ठरू लागली होती आणि ‘उपचार’ म्हणण्यात तेवढा धोका नव्हता. एकाच औषधाची वेगवेगळ्या वर्षांतील दोन लेबले मिळाली तर ती शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. कोणता दावा कोणत्या कायद्यानंतर गळला, ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत असले तरी त्यांतील बहुतेकांवर पेटंट नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते, आणि कृती गुप्त राहणे हाच तर धंद्याचा पाया होता. नोंदणी होई ती नावाची, लेबलाची आणि बाटलीच्या आकाराची. म्हणजे जाहिरातदार ज्याचे रक्षण करत होता ते नाव होते. आतला पदार्थ तो हवा तेव्हा बदलू शकत होता आणि अनेकांनी तो बदललाही.

रोगांची यादी ओळीने उतरवून घ्या

जाहिरातीत नमूद केलेले सर्व रोग कागदावर एकाखाली एक लिहावेत आणि मग त्यांचे तीन गट पाडावेत. पहिल्या गटात आपोआप बरे होणारे विकार येतात: सर्दी, साधा खोकला, जुलाबाचा एखादा झटका, बाळाचे पोट दुखणे. दुसऱ्या गटात चढउतार होणारे विकार येतात: संधिवात, हिवताप, अर्धशिशी, दमा. रोगी औषध घेतो ते दुखणे ऐन भरात असताना, आणि त्यानंतर ते काही काळ उतरतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय बाटलीला मिळते. तिसऱ्या गटात क्षय, कर्करोग, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे जुने विकार येतात, ज्यांवर त्या काळी कोणाकडेच खात्रीचा उपाय नव्हता. पहिल्या दोन गटांतील यश दाखवून तिसऱ्या गटातील रोग्याला आशा दाखवणे ही या जाहिरातींची नित्याची चाल होती, आणि माझ्या मते सर्वांत निष्ठुर चालही हीच होती.

जुन्या रोगनामांना आजचे नाव चिकटवण्याची घाई करू नये. अंगावरची सूज हा तेव्हा स्वतंत्र रोग मानला जाई. आज ती हृदयाच्या, यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाची खूण ठरते. ओहायोतील कोलंबसच्या डॉ. सॅम्युअल हार्टमन यांनी तर आपल्या ‘पेरुना’ या औषधासाठी सगळ्या रोगांचे मूळ एकच मानले. नाकाघशातील श्लेष्मविकाराला त्यांनी पोट, आतडी, मूत्रपिंड, गर्भाशय अशा सर्व अवयवांत नेऊन बसवले, आणि मग एकच औषध सर्वांवर चालणे तर्काला धरूनच झाले. अशी एककारणी उपपत्ती जाहिरातीत दिसली की तिच्याखाली खूण करावी.

त्या काळातल्या कोणत्या ताज्या शोधाची भाषा उसनी घेतली आहे, हेही या टप्प्यावर पाहावे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखवले आणि चारच वर्षांत टेक्ससमधील ऑस्टिन येथे विल्यम रॅडम या माळीकाम करणाऱ्या गृहस्थाने ‘मायक्रोब किलर’ बाजारात आणला. सर्व रोग जंतूंनी होतात आणि हे औषध सर्व जंतू मारते, एवढाच त्याचा युक्तिवाद होता. तपासणीत ते किंचित आम्ल मिसळलेले पाणी निघाले. विजेचे पट्टे आणि पुढे रेडियमचे पाणी यांची कथा याच जातीची आहे.

बाटलीत काय होते ते शोधा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि याला सर्वाधिक वेळ द्यावा. सुदैवाने अनेक प्रसिद्ध औषधांची विश्लेषणे छापलेली उपलब्ध आहेत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ आणि १९१२ मध्ये त्याचा पुढचा भाग प्रसिद्ध करून शेकडो औषधांचे घटक, त्यांची किंमत आणि जाहिरातीतील दावे शेजारीशेजारी मांडले. अमेरिकेत सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात ऑक्टोबर १९०५ पासून हेच काम लेखमालेच्या रूपाने केले, आणि पुढल्या वर्षीच्या कायद्यामागे त्या लेखांचा मोठा वाटा होता. घटक कळले की प्रत्येक घटकापुढे एकच गोष्ट लिहावी: हा पदार्थ पोटात गेल्यावर किंवा कातडीवर लावल्यावर माणसाला पुढच्या तासाभरात काय जाणवेल?

अफू आणि मॉर्फीन यांच्यापासून सुरुवात करू. ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हे अमेरिकेतील मेन राज्यात १८४९ च्या सुमारास निघालेले, दात येणाऱ्या मुलांसाठीचे गोड औषध होते. आईच्या मांडीवर शांत झोपलेले बाळ हे त्याच्या जाहिरातीचे चित्र. त्याच्या एका द्रव औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन सल्फेट होते. एका औंसाचे आठ लहान चमचे धरले तर एका चमच्यात सुमारे ८ मिलिग्रॅम मॉर्फीन येते. आता बाटलीवरची सूचना पाहावी: महिन्याच्या आतील बाळास ६ ते १० थेंब, तीन महिन्यांच्या बाळास अर्धा चमचा, आणि सहा महिने व त्यापुढील मुलास एक चमचा, दिवसातून तीन-चार वेळा. तीव्र वेदनेसाठी प्रौढ माणसाला आज तोंडाने मॉर्फीन सुरू करताना बरेचदा ५ ते १० मिलिग्रॅमची मात्रा दिली जाते. तेव्हा जाहिरातीतील ‘बाळ शांत झोपते’ हे विधान शब्दशः खरे होते, आणि काही बाळे त्या झोपेतून उठली नाहीत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ मध्ये या औषधाला बालघातक औषधांच्या यादीत घातले. ते सिरप देणारी आई निष्काळजी नव्हती. तिच्या हाती बाटलीतले द्रव्य ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते, आणि ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी ते लेबलावर लिहिले नव्हते.

इंग्लंडच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे अफूयुक्त सरबत याच कामासाठी खपे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रियाही तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, याच्या नोंदी १९२० च्या दशकातील कामगारविषयक पाहण्यांत आहेत. दोन्हीकडे कारण एकच होते: पाळणाघर नाही, बारा-बारा तासांची पाळी, आणि मूल घरी ठेवण्यावाचून इलाज नाही. रोगांच्या यादीत न लिहिलेला हा खरा ‘रोग’ अभ्यासकाने स्वतःच्या टिपणात अवश्य लिहावा.

दुसरे मोठे द्रव्य म्हणजे अल्कोहोल. मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे १८७५ मध्ये विक्रीस आलेले ‘लिडिया पिंकहॅम्स व्हेजिटेबल कंपाउंड’ हे स्त्रियांच्या विकारांवरचे औषध. त्यात वनस्पतींच्या अर्काबरोबर १८ ते २० टक्के अल्कोहोल होते, आणि ते केवळ अर्क टिकवण्यासाठी घातल्याचे सांगितले जाई. पेरुनात ते सुमारे २८ टक्के होते. १९०५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदिवासीविषयक खात्याने राखीव प्रदेशांत पेरुनाची विक्री बंद केली, कारण तेथे ते दारू म्हणूनच प्यायले जात होते. दारूबंदीच्या चळवळीत हिरिरीने काम करणाऱ्या घरांतही ही औषधे निःशंकपणे घेतली जात. थकवा, निरुत्साह, झोप न येणे यांवर दोन-तीन चमच्यांनी बरे वाटणे स्वाभाविक होते, आणि बाटली संपल्यावर पुन्हा मरगळ येणेही तितकेच स्वाभाविक होते.

तिसरा गट रेचकांचा. ‘बीचम्स पिल्स’ १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाल्या. ‘डबीचे मोल एक गिनी’ (म्हणजे २१ शिलिंग) अशी त्यांची जाहिरात असे, आणि घटक होते काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांची डबी १ शिलिंग १½ पेनीला विकली जाई. आतील द्रव्यांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा, असल्याचे १९०९ च्या विश्लेषणाने दाखवले. कर वजा केला तरी विक्रीची किंमत घटकांच्या किमतीच्या जवळजवळ शंभरपट होते. मात्र काळ्या बोळाने पोट साफ होते, यात शंका नाही. बद्धकोष्ठाच्या रोग्याला गोळी लागू पडे, आणि ती लागू पडल्याच्या अनुभवावरच यकृत, मेंदू व रक्त यांविषयीचे बाकीचे दावे उभे केले जात.

चौथे उदाहरण बाहेरून लावायच्या औषधाचे आहे, कारण त्याचे नाव आज फसवणुकीचा पर्याय झाले आहे. क्लार्क स्टॅन्लीच्या ‘स्नेक ऑइल लिनिमेंट’ची सरकारी तपासणी झाली तेव्हा त्यात खनिज तेल, सुमारे एक टक्का प्राणिज चरबी, लाल मिरचीचा अर्क आणि बहुधा कापूर व टर्पेंटाइन सापडले, १९१६ मध्ये त्याला २० डॉलर दंड झाला. येथेही दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. सापाचे तेल नव्हते, म्हणून घटकाचा दावा खोटा ठरतो. परंतु मिरची आणि कापूर यांनी कातडी गरम होते आणि दुखरा सांधा घटकाभर हलका वाटतो, म्हणून रोग्याचा अनुभव खरा राहतो. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे ‘रेडिथोर’. विल्यम बेली यांनी १९२० च्या दशकात विकलेल्या या पाण्यात रेडियम असल्याचा दावा होता आणि ते खरोखरच होते. एबेन बायर्स या श्रीमंत उद्योगपतीने त्याच्या शेकडो बाटल्या संपवल्या. त्याचा जबडा झडत गेला आणि मार्च १९३२ मध्ये तो मरण पावला. घटक खरा असणे आणि औषध गुणकारी असणे यांचा एकमेकांशी संबंध जोडू नये, हे समजण्यासाठी ही दोन लेबले शेजारी ठेवावीत.

पत्रे आणि पदव्या तपासा

रोगमुक्तांच्या पत्रांत तीन गोष्टी शोधाव्यात: रोगाचे निदान कोणी केले, औषध किती काळ घेतले, आणि पत्र लिहिल्यानंतर त्या व्यक्तीचे पुढे काय झाले. तिसऱ्याचे उत्तर जाहिरातीत कधीच नसते. जे मेले त्यांनी पत्रे लिहिली नाहीत, आणि ज्यांना काहीच फरक पडला नाही त्यांची पत्रे छापली गेली नाहीत. पत्रे खोटी असण्याची गरजच नव्हती. निवड पुरेशी होती.

ज्यांच्या नावाने सल्ला दिला जातो ती व्यक्ती तेव्हा हयात होती का, तेही पाहावे. ‘श्रीमती पिंकहॅम यांना लिहा, पुरुषाच्या नजरेस तुमचे पत्र पडणार नाही’ अशा आशयाच्या जाहिराती विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होत्या, आणि डॉक्टरांपुढे बोलायला संकोचणाऱ्या असंख्य स्त्रियांनी त्यावर विश्वासून आपली दुखणी लिहून पाठवली. लिडिया पिंकहॅम १८८३ मध्येच वारल्या होत्या. ‘लेडीज होम जर्नल’ने १९०५ मध्ये जाहिरातीशेजारी त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापून ही गोष्ट वाचकांपुढे आणली. त्या मासिकाने पेटंट औषधांच्या जाहिराती १८९२ पासून नाकारल्या होत्या, म्हणून त्याला हे करणे परवडले. इतर बहुतेक वृत्तपत्रांची स्थिती वेगळी होती: औषधकंपन्यांच्या जाहिरात-करारांत असे कलम असे की त्या राज्यात या औषधांविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द होईल. त्यामुळे अग्रलेखांत या विषयावर मौन का दिसते, याचे उत्तर अनेकदा त्याच अंकाच्या जाहिरातींच्या पानांवर मिळते.

बक्षिसाची व हमीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचा

१३ नोव्हेंबर १८९१ च्या ‘पॉल मॉल गॅझेट’मधील कार्बोलिक स्मोक बॉलची जाहिरात आपल्याकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या प्रत्येकाने पाठ केलेली असते, ती येथे निराळ्या हेतूने वाचावी. हा कार्बोलिक आम्लाची पूड भरलेला रबरी चेंडू होता आणि तो दाबून पुडीचा धूर नाकात घ्यायचा होता. जाहिरातीचा आशय असा: छापील सूचनांनुसार दिवसातून तीनदा, दोन आठवडे हा चेंडू वापरल्यानंतर ज्याला इन्फ्लुएन्झा, सर्दी किंवा थंडीमुळे होणारा कोणताही विकार होईल, त्याला १०० पौंड बक्षीस मिळेल, आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून रीजंट स्ट्रीटवरील अलायन्स बँकेत १००० पौंड ठेवले आहेत.

एकेक शब्दसमूह सुटा करावा. ‘छापील सूचनांनुसार’ हे पळवाटेसाठी आहे, कारण सूचना अचूक पाळल्याचे सिद्ध करणे रोग्यावर येते. ‘दोन आठवडे’ यामुळे त्या काळात आजारी पडलेले सर्व जण बाद होतात. बँकेचे आणि रस्त्याचे नाव विश्वास बसावा म्हणून आहे. त्या वर्षांत इंग्लंडमध्ये फ्लूची साथ होती, म्हणून भीती आयतीच तयार होती. लुइझा कार्लिल यांनी २० नोव्हेंबर १८९१ पासून चेंडू वापरला, १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना फ्लू झाला आणि त्यांनी दावा लावला. ही केवळ जाहिरातबाजी होती, वचन नव्हते, असा बचाव कंपनीने केला. अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये तो फेटाळला, आणि ज्या बँकेतील ठेवीने विश्वास कमावला होता तीच कंपनीच्या गळ्याशी आली. मात्र येथे एक दक्षता घ्यावी. न्यायालयाने वचन बंधनकारक ठरवले. चेंडूने फ्लू टळतो की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. जुने खटले वाचताना निकाल नेमका कशावर आहे ते वेगळे काढले नाही, तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

अमेरिकेत १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील एका औषधाच्या खटल्यात असाच मर्यादित निकाल दिला: १९०६ चा कायदा घटकांविषयीच्या खोट्या विधानांना लागू आहे, गुणांविषयीच्या दाव्यांना नाही. दुसऱ्याच वर्षी कायदा सुधारला, परंतु फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची अट राहिली. सल्फानिलामाइड या जंतुविरोधी औषधाच्या विषारी मिश्रणाने १९३७ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा कोठे १९३८ चा कडक कायदा आला.

मराठी जाहिरातींकडे वळताना

आपल्याकडे दोन प्रवाह एकाच पानावर भेटतात. एकीकडे साहेबाच्या नावाची औषधे: हॉलोवेच्या गोळ्यांची जाहिरात हिंदुस्थानातही होत असे, आणि क्लोरोडाइन हे तर डॉ. कॉलिस ब्राउन यांनी हिंदुस्थानातील लष्करी नोकरीत असताना पटकीसाठी योजलेले अफू, गांजा व क्लोरोफॉर्म यांचे मिश्रण होते. जुलाब थांबवणे आणि वेदना शमवणे ही अफूची कामे असल्याने ते तात्पुरते लागू पडे. पटकीच्या रोग्याला लागणाऱ्या पाण्याची व क्षारांची भरपाई मात्र त्याने होत नव्हती. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डचे १८५१ चे ग्राइप वॉटर आपल्या घराघरांत पोहोचले. त्याच्या मूळ कृतीत बाळंतशोपांचे तेल, खाण्याचा सोडा आणि ३.६ टक्के अल्कोहोल होते. दुसरीकडे देशी उद्योग उभे राहत होते: पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी सुरू केलेले अमृतांजन १८९३ चे. याच नागेश्वररावांनी १९०८ मध्ये मुंबईतून ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढले. औषध आणि वृत्तपत्र यांचे नाते सर्वत्र केवळ अग्रलेख दाबण्यापुरते नव्हते, हे नोंदवणे न्यायाचे होईल.

मराठी जाहिरात वाचताना पद्धत तीच ठेवावी, पण तीन बाबी अधिक पाहाव्यात. औषधाचा उगम कोठे सांगितला आहे: ग्रंथोक्त कृती, साधूने दिलेली मुळी, की विलायती प्रयोगशाळा? ‘धातुक्षय’, ‘नाताकद’, ‘अशक्तता’ अशा शब्दांत कोणती भीती जागवली आहे? आणि माल व्ही. पी. ने, म्हणजे टपालवाल्याला पैसे देऊन सोडवून घ्यायच्या पार्सलाने, गुप्तपणे पाठवण्याचे आश्वासन आहे का? हे आश्वासन असले की गिऱ्हाईक लाजेपोटी तक्रार करणार नाही, हे विक्रेत्याने आधीच हिशेबात धरलेले असते.

कालनिश्चितीसाठी येथेही कायद्याच्या खुणा आहेत. कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातील गोंधळाची पाहणी केली, १९४० मध्ये औषध कायदा झाला, आणि १९५४ मध्ये आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था आहेत ज्यांवर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही, आणि ताईत, मंत्र, कवच यांनाही तो लागू आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार असे रोग बिनदिक्कत नावाने लिहिलेली भारतीय जाहिरात बहुधा १९५४ पूर्वीची असते. तशी आजच्या तारखेची आढळली, तर ती अभ्यासाची वस्तू नसून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याची वस्तू आहे.

प्रत्यक्ष बाटली हाती आली आणि तीत काही शिल्लक असेल, तर बूच उघडू नये, वास घेऊ नये, चव तर मुळीच पाहू नये. जुन्या औषधांत पारा व सोमल सर्रास असत, अफूची मिश्रणे कायद्याने जवळ बाळगता येत नाहीत, आणि रेडियमचा ऱ्हास होऊन ते निम्म्यावर यायला सुमारे १६०० वर्षे लागतात. अशा बाटलीचे लेबल सर्व बाजूंनी छायाचित्रात घ्यावे, काचेवरील अक्षरे कागद ठेवून पेन्सिलीने उमटवावीत, आणि आतील द्रव्याची विल्हेवाट एखाद्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला विचारून लावावी. टिपणात दावा जाहिरातीच्याच शब्दांत उतरवावा. घटक, त्याचा जाणवणारा परिणाम आणि रोगावरील परिणाम यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत, आणि ज्या औषधाचे विश्लेषण मिळाले नाही त्याचा घटकांचा रकाना अंदाजाने न भरता कोरा सोडावा.